घोड्याखालचं रिकामं घर

डेल्मरच्या दुकानात काचेखाली तीन रिव्हॉल्व्हरं मांडलेली होती आणि माझा मुलगा लायल त्यातल्या सगळ्यात चिमुकल्याकडे बोट दाखवत होता.

"आई, हे घे. बावीसचं आहे. हलकं, धक्का नाही, काडतुसंही स्वस्त."

"याने काय मारू? उंदीर?"

"नेमबाजीला बरं असतं ना."

"आणि वर झुडपात अस्वल आलं तर? नेम धरून गुदगुल्या करू त्याला?"

डेल्मर खाली मान घालून हसला. आम्ही दोघं एका शाळेत होतो, त्यामुळे माझ्या तोंडाची त्याला सवय आहे. त्याने पुढचं काढून माझ्या हातात दिलं. चव्वेचाळीस मॅग्नम, चकचकीत आणि लांबलचक नळीचं. मी ते उचललं आणि परत ठेवलं. असली हत्यारं शहरातले लोक विकत घेतात, एकदा उडवतात, मनगट चोळतात आणि मग जन्मभर त्याबद्दल बोलत राहतात.

तिसरं पंचेचाळीसचं होतं, नवं कोरं, पण घडण जुनीच. घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, दर वेळी अंगठ्याने ओढायचा, मगच चाप ओढायचा. काडतुसं बाजूच्या झडपेतून एकेक करून भरायची. "याच्यात हलका दारूगोळा भरलास तर दिवसभर थाळीवर नेम धर," डेल्मर म्हणाला. "जड भरलास तर अस्वलालाही पुरेल. शिवाय नव्या पद्धतीचं आहे. आत एक पट्टी असते, चाप ओढला तरच ती वर येते. दगडावर आपटलं तरी उडायचं नाही. काडतुसांची सहाच्या सहा घरं बिनधास्त भर."

"मला सहा नकोत," मी म्हटलं. "आणि नवंही नको. माझं माझ्याकडे आहे." आणि मी पिशवीतून अर्विडचं रिव्हॉल्व्हर काढून काचेवर ठेवलं.

डेल्मरचं हसू गेलं. लायलने दुसरीकडे तोंड फिरवलं.

अर्विड माझा नवरा. गेल्या ऑगस्टमध्ये हकलबेरी, आमच्याकडची जांभळी रानफळं, वेचायला वरच्या उतारावर गेला आणि परत आला नाही. मी त्या दिवशी दातदुखीने घरी होते. तेव्हापासून लायलच्या डोक्यात एकच किडा. आईने डोंगरातलं घर विकावं आणि मिझूला शहरात त्याच्याकडे राहायला यावं. त्याच्या बायकोने तळघरातली खोली रंगवूनही ठेवली होती, फिकट पिवळी. त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात. मी चाळीस वर्षं ज्या ओट्यावर उभं राहून जॅम केला, ज्या दारातून अर्विडला शिव्या देत आत घेतला, ते घर सोडून चाकं बघत बसू?

सबंध हिवाळा आम्ही भांडलो आणि शेवटी एक तोडगा निघाला. मी हत्यार निवडायचं, लायलसमोर ते भरायचं आणि उडवायचं. सगळं नीट, न गोंधळता केलं तर मिझूलाचं नाव तो पुन्हा काढणार नाही. गोंधळ झाला तर घर विकायचं. मी लगेच हो म्हटलं. पोरगं जन्माला यायच्या आधीपासून मी नेम धरतेय, मला कसली भीती!

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत सहा घरं असतात, पण शहाणा माणूस पाचच भरतो. घोडा ज्या घरावर टेकलेला असतो ते घर रिकामं ठेवायचं. कारण जुन्या घडणीत घोड्याचं टोक थेट काडतुसावर बसतं आणि हत्यार हातातून पडलं, घोड्यावर आपटलं, की उडालंच. आमच्या खोऱ्यात त्यामुळे लंगडणारी माणसं आहेत, आणि थडग्यात गेलेलीही. म्हणून भरताना म्हणायचं: एक भर, एक सोड, चार भर, घोडा पुरता ओढ, अलगद सोड. बरोबर रिकामं घर घोड्याखाली येतं. अर्विड हे पाढ्यासारखं गुणगुणायचा. मला त्यानेच शिकवलं, लग्नाआधी.

आणि अस्वलाने मारलेल्या अर्विडशेजारी त्याचं रिव्हॉल्व्हर सापडलं तेव्हा आत पाच उडालेल्या पुंगळ्या होत्या, नुसती टरफलं, आणि घोडा रिकाम्या घरावर होता.

शेरीफचा माणूस ते कागदी पिशवीत घालून डेल्मरच्या दुकानात घेऊन आला तेव्हा मी तिथेच होते. "कोणीही हात लावलेला नाही, होतं तसं आणलंय," तो म्हणाला. तो बिचारा कुठल्यातरी किनाऱ्याकडचा, त्याला काय कळणार. पण डेल्मरने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. पाचवी गोळी उडाली की घोडा पाचव्या पुंगळीवर राहतो. तो रिकाम्या घरावर येतो तो माणसाने सहाव्यांदा घोडा ओढला आणि सहाव्यांदा चाप ओढला तरच. अस्वल अजून येत होतं आणि माझ्या नवऱ्याने रिकाम्या घरावर चाप ओढला होता. खट्ट असा आवाज झाला असेल. तो आवाज मी कधी ऐकला नाही आणि तरी वर्षभर तो माझ्या कानात होता.

दुकानामागे खडीची जुनी खाण आहे, तिथे आम्ही नेम धरतो. डेल्मर खांबावर पत्र्याची थाळी अडकवायला गेला. लायल हाताची घडी घालून उभा. मी तोंडाने मोठ्याने म्हणत भरलं: एक भर, एक सोड, चार भर. पाच गोळ्या उडवल्या. पाचही थाळीत, जरा विखुरलेल्या, पण थाळीतच. मग मी नेहमीचं केलं. आम्ही शेवटी रिकाम्या घरावर एकदा चाप ओढून बघतो, म्हणजे हात दचकतो का ते कळतं. घोडा ओढला, नळीच्या टोकावरची माशी थाळीवर धरली, चाप ओढला.

रिव्हॉल्व्हर उडालं.

थाळीच्या बरोबर मध्यभागी भोक पडलं होतं. माझ्या पाचांतलं एकही तिथवर गेलं नव्हतं.

"आई," लायल हळू आवाजात म्हणाला, "सहा भरलीस तू."

"पाच भरली."

"सहा उडाल्या ना पण! मला काय कान नाहीत?"

"मी पाच भरली, लायल."

"हेच. हेच म्हणतोय मी. तुला कळतसुद्धा नाहीये." त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच मला जास्त राग आला. ओरडला असता तर मीही ओरडले असते. रडणाऱ्या पोराशी भांडता येत नाही. डेल्मर मध्ये पडला, म्हणाला पोराचा बाप गेलाय, बाईचा नवरा गेलाय, एक चूक धरू नये. शेवटी लायल म्हणाला, "पुढचा शनिवार. परत असं झालं तर मी कोणाचं ऐकणार नाही."

घरी येऊन मी रिव्हॉल्व्हर पुसलं, पाच भरली, घोडा रिकाम्या घरावर सोडला आणि ते स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलं. सकाळी कॉफी चढवून ते उघडलं. झडप उघडून चक्री फिरवली. पाच काडतुसं माझी. सहाव्या घरातही काडतूस होतं, आणि त्याचं नाक लाल होतं.

मी खुर्चीवर बसले. कॉफी उतू गेली तरी उठले नाही.

अर्विड गोळ्या स्वतः ओतायचा. शिसं वितळवायचा, आणि वंगणासाठी मधमाशीचं मेण आणि देवदाराचा डिंक एकत्र कढवायचा. त्यात माझ्या संपत आलेल्या लिपस्टिका टाकायचा, नेमबाजीच्या दिवशी आपली काडतुसं दुसऱ्याच्या डब्यात गेली तर ओळखू यावीत म्हणून. सगळं खोरं त्याला हसायचं. "अर्विडची काडतुसं मुके घेतात," असं म्हणायचे. तो गेला तेव्हा त्याच्या हातची एक पेटी उरली होती. ती दुसऱ्या कोणी उडवू नये असं मला वाटलं, म्हणून शवपेटीत त्याच्या पायाशी ठेवायला दिली. लायलनेच ठेवली, स्वतःच्या हाताने, आणि मग झाकण लावलं. त्यानंतर मी लिपस्टिक घेतलेली नाही.

मला भुताची भीती वाटली नाही. मला माझ्या डोक्याची भीती वाटली. मी तिथेच बसून वारांची नावं उलटी म्हणून पाहिली. शेजाऱ्यांच्या कुत्र्यांची नावं आठवली, मेलेल्यांचीसुद्धा. फळीवरच्या बरण्यांत कुठल्या वर्षाचा जॅम आहे ते लेबल न बघता सांगितलं आणि मग लेबलं तपासली. डोकं ठिकाणावर होतं. मग मी ते लाल काडतूस काढलं, नाकाशी धरलं. डिंकाचा वास. ते मी एका रिकाम्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीचं झाकण तसंच घट्ट होतं आणि बरणी रिकामी होती. लाल नाक परत घोड्याखाली येऊन बसलं होतं.

असं रोज होऊ लागलं. मी काढायची, ते परत यायचं. रिव्हॉल्व्हर मी पिठाच्या डब्यात ठेवलं, गाडीत ठेवलं, एकदा चर्चला जाताना कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं. कोंबड्यांनी त्या दिवशी आत पाऊल टाकलं नाही, सगळ्या कुंपणावर ओळीने बसून होत्या. डेल्मरला सांगावं असं दोनदा वाटलं. पण त्याने लायलला सांगितलं असतं, आणि लायल म्हणाला असता की आईने पेटीतली चार काडतुसं लपवून ठेवली आणि आता विसरली. पिवळी खोली तयारच होती.

आणि खरं सांगायचं तर, मला थोडं बरंही वाटत होतं. म्हातारा माझी काळजी करत होता. जिवंत असताना कधी तोंडाने बोलला नाही.

शुक्रवारी मी बेरी वेचायला वर गेले. पिकल्या होत्या आणि अस्वलांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. निघायच्या आधी लाल काडतूस काढून ओट्यावर ठेवलं, घोडा रिकाम्या घरावर आहे याची खात्री केली, रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं. सकाळचं ऊन छान पडलं होतं. ओढ्यावर आडवा पडलेला ओंडका आहे, त्यावरून मी हजारदा गेलेय. मधोमध पाय सरकला. मी ओंडक्याला धरलं, पण रिव्हॉल्व्हर कमरेच्या चामड्यातून निसटलं आणि खालच्या दगडावर आपटलं, घोड्यावर.

ते उडालं. गोळी माझ्या हातातल्या बादलीतून आरपार गेली आणि टोपीचा काठ फाडून वर गेली. कान बधिर झाले. मी ओंडक्यावरून घसरत काठावर आले आणि तशीच चिखलात बसून राहिले. मग वाकून रिव्हॉल्व्हर पाण्यातून उचललं. घोड्याखाली उडालेली पुंगळी होती आणि नळीच्या तोंडाशी लाल मेणाचा डाग.

मग मात्र माझं टाळकं फिरलं.

"अर्विड!" मी ओरडले. "अरे गाढवा, मारशील ना मला! तूच शिकवलंस, पाच भर म्हणून! तूच बडबडायचास दिवसभर! आणि आता मेल्यावर अक्कल गहाण टाकलीस?"

झाडी गप्प झाली. आधी ओढ्याचा आवाज होता, तो आहे की नाही तेही कळेना. वर उतारावर, जिथे तो सापडला त्या झुडपांच्या बाजूला, काहीतरी वाजलं.

खट्ट.

पुन्हा वाजलं. खट्ट. घोडा ओढल्याचा तो चरचर आवाज, मग थोडी शांतता, मग रिकाम्या घरावर पडलेला घोडा. पुन्हा. आणि पुन्हा. वर्षभर तो तिथे उभा राहून हेच करत होता. त्याचं तेवढं एकच उरलं होतं. अस्वल येतंय आणि एक गोळी कमी पडतेय. मला ती कमी पडू नये म्हणून तो आपल्या पायाशी ठेवलेल्या पेटीतून एकेक आणून भरत होता, आणि घोड्याखाली भरलं तर काय होतं हे त्याला आता आठवत नव्हतं.

मला रडू आलं. तो गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

"ऐकलं मी," मी म्हटलं. "ऐकलं रे. करते काहीतरी. तू थांब."

बेरी न वेचताच मी खाली उतरले आणि तडक डेल्मरच्या दुकानात गेले. भोक पडलेली बादली हातातच होती. त्याने बादलीकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

"विचारू नकोस," मी म्हटलं. "ते नवं पंचेचाळीसचं दे. दगडावर आपटलं तरी उडत नाही म्हणालास ना?"

"पट्टी वर आल्याशिवाय नाही. पण तुला तर नवं नको होतं."

"मला नकोच आहे. दुसऱ्या कोणाला तरी हवंय."

कागदी पिशवी उघडली तेव्हा डेल्मरही होता तिथे. त्याने हातोडा आणला, गोळी आणि दारू काढून घेतलेली, फक्त बुडाची टोपी शाबूत असलेली एक पुंगळी चक्रीत घातली आणि घोड्यावर दणदण घाव घालून दाखवले. पुंगळीच्या टोपीवर ओरखडासुद्धा आला नाही. मी ते घेतलं. अर्विडचं जुनं रिव्हॉल्व्हर तिथेच रिकामं केलं आणि कापडात गुंडाळून पिशवीत टाकलं.

शनिवारी लायल आला. नवं हत्यार बघून त्याला बरं वाटलं, पण माझ्या हातात त्याने ते दिलं नाही.

"मी भरतो," तो म्हणाला.

"भर की. पाचच भर."

"यात सहा चालतात, आई."

"चालू देत. तू पाच भर."

त्याने उसासा टाकला. मला दिसतील अशी पाच काडतुसं एकेक करून भरली, सहावं घर मला दाखवलं, डेल्मरला दाखवलं, झडप लावली. खाणीपर्यंत रिव्हॉल्व्हर त्याच्याच कमरेला होतं. थाळी लागली होती. तो मला ते द्यायला लागला.

"एकदा उघड," मी म्हटलं.

"आत्ताच तर भरलं."

"उघड म्हणते ना."

लायलने झडप उघडली आणि चक्री फिरवली. एक घर, दुसरं, तिसरं. मग त्याचा अंगठा थांबला. त्याने हत्यार जरा तिरपं केलं आणि सहाव्या घरातलं काडतूस तळहातावर घसरून आलं. लाल नाकाचं.

त्याने ते बोटांत फिरवलं. मग नाकाशी नेलं, आणि लहान असताना बापाच्या कोटात तोंड खुपसायचा तेव्हा जसा श्वास घ्यायचा तसाच घेतला.

"पेटी मी ठेवली होती," तो म्हणाला. "झाकण मी लावलं, आई."

"माहितेय मला."

"मग हे..."

"त्याला सहावं कमी पडलं होतं, लायल. घोडा रिकाम्या घरावर होता."

त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण तो याच खोऱ्यातला पोरगा, त्याला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. तो खडीवर उकिडवा बसला. डेल्मर पाठ करून थाळी सरळ करत बसला, खरं तर ती सरळच होती.

मग लायल उठला. त्याने ते लाल काडतूस हळूच सहाव्या घरात परत सरकवलं आणि झडप लावली.

"यात चालतं ना?" त्याने विचारलं. "पडलं तरी?"

"चालतं. म्हणून तर घेतलं."

त्याने रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. मी माझी पाच उडवली, पाचही थाळीत. सहावं उडवलं नाही, ते माझं नव्हतं. उतारावर मी अजून जाते आणि त्या झुडपांपाशी थांबून कान देते. आता तिथे फक्त ओढा वाजतो.

त्या दिवशी निघताना लायल गाडीत बसला आणि काच खाली करून म्हणाला की बायकोला शिवणयंत्र ठेवायला जागा हवीच होती, पिवळी खोली तिला चालेल. मी बरं म्हटलं. त्याच्या उजव्या अंगठ्याला लाल मेण लागलं होतं. स्टिअरिंगवर हात ठेवताना तो अंगठा त्याने वर धरला होता, पुसला जाऊ नये म्हणून.